जुनी स्प्लेंडर घरीच कॅफे रेसर करायची आहे, सुरुवात कुठून करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांची 2009 सालची हिरो होंडा स्प्लेंडर प्लस घरी आहे, चालू आहे, आणि तिला कॅफे रेसरचा, म्हणजे खाली हॅण्डल आणि सपाट सीटवाल्या जुन्या वेगवान बाइकचा लूक द्यायचा आहे. हाताशी पान्यांचा साधा सेट, सोसायटीच्या पार्किंगमधली जागा आणि वीस-पंचवीस हजार रुपये. मागची चेसिस कापावी का, रुंद टायर बसतील का, टाकी घरी रंगवता येते का आणि आरटीओ-पोलिसांचा त्रास होईल का, हे चार उपप्रश्न.

हो, घरी होतं. पण एक मर्यादा आधीच आखून घ्या. जे पान्याने सुटतं आणि पान्यानेच परत बसतं, तेवढंच बदलायचं. चेसिसला ग्राइंडर लावायचा नाही, वेल्डिंग करायचं नाही आणि काढलेला प्रत्येक मूळ पार्ट जपून ठेवायचा. गॅरेजमध्ये माझ्याकडे अर्धवट सोडलेल्या जेवढ्या गाड्या येतात, त्यांतल्या बहुतेक पहिल्याच रविवारी ग्राइंडर हातात घेतल्यामुळे अडकलेल्या असतात. मागचं टोक कापून झालेलं असतं, आणि आता सीट कशावर ठेवायची हे कुणालाच माहीत नसतं.

कॅफे रेसर ही लंडनच्या एस कॅफेसारख्या ठिकाणी जमणाऱ्या पन्नास-साठच्या दशकातल्या पोरांची गाडी. वजन उतरवायचं, हॅण्डल खाली घ्यायचं, वाऱ्याला छाती कमी द्यायची, हे सगळं वेगासाठी होतं. आपली स्प्लेंडर 97.2 सीसीची, ताकद सात-आठ पीएसच्या आसपास. ती यातल्या कशानेही वेगवान होणार नाही. म्हणून इथे प्रश्न फक्त रेषेचा आणि प्रमाणाचा आहे. गाडीचा एक फोटो उकिडवं बसून, टाकीच्या उंचीवर मोबाइल धरून, बरोबर बाजूने काढा. त्याच्या दोन-तीन प्रिंट काढा आणि टाकीच्या खालच्या कडेपासून मागच्या दिव्यापर्यंत पेन्सिलने एक सरळ रेघ ओढा. मूळ स्प्लेंडरमध्ये ही रेघ सीटपाशी खाली जाते आणि मागच्या पॅनलला वर चढते. ती सपाट झाली की अर्धा लूक तिथेच येतो. उरलेला हॅण्डलची उंची आणि रंगाचं फिनिशिंग यांतून येतो. बाजारातल्या चमकत्या अ‍ॅक्सेसरीजचा यात वाटा फार थोडा आहे.

पैसे मात्र आधी यंत्रावर घाला. पुढचं चाक उचलून हॅण्डल एका बोटाने हळू डावी-उजवीकडे फिरवा. बरोबर मध्ये आल्यावर ते खाचेत बसल्यासारखं अडकत असेल, तर कोनसेट, म्हणजे हॅण्डल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेलाय. मागचं चाक दोन्ही हातांनी आडवं हलवून बघा. खेळ जाणवला तर स्विंगआर्मचे बुश किंवा चाकाचे बेअरिंग बघावे लागतील. ब्रेक शू, चेनसेट, स्पोकचा ताण, पुढच्या फोर्कचे ऑइल सील, हे सगळं याच टप्प्यात उरकायचं. पुढचा ब्रेक 130 मिलिमीटरचा ड्रम आहे. नवे शू, स्वच्छ केलेला ड्रम आणि नवी केबल एवढ्यावर तो पुरेसा चांगला लागतो. डिस्क लावायचा मोह सोडा, कारण त्यासाठी फोर्क, हब आणि क्लॅम्प सगळंच दुसऱ्या गाडीचं आणावं लागतं.

खोलताना एक बारीक गोष्ट. इंजिनच्या कव्हरवरचे आणि स्विच असेंब्लीचे स्क्रू दिसायला साध्या फिलिप्ससारखे असले, तरी ते जपानी जेआयएस पद्धतीचे असतात. साधा स्क्रू-ड्रायव्हर त्यात पूर्ण खोल बसत नाही, जोर लावला की वर उचलला जातो आणि खाच गुळगुळीत करून टाकतो. जेआयएस टोकाचा स्क्रू-ड्रायव्हर आणि हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. या दोन वस्तूंनी जितका मनस्ताप वाचतो तितका दुसऱ्या कशानेच वाचत नाही.

आता सीट आणि मागचं टोक. चेसिसचा मागचा भाग मागे बसणाऱ्याचं वजन आणि शॉकअपचा मार पेलण्यासाठी तसा वळवलेला असतो. तो कापून गोल पाइपचा हूप जोडला, तर त्या जोडावर रोजचे खड्डे बसतात. जोड घरच्या वेल्डिंगचा असेल, तर पाइप वेल्डच्या शेजारीच चिरतो. त्यामुळे सीट मूळ माउंटिंगवरच बसवायची. जुन्या सीटचा खालचा पत्रा ठेवा आणि फोम नवा घ्या. खाली घट्ट रीबॉन्डेड फोमचा थर, वर बोटभर मऊ फोम, आणि वरची कड त्या पेन्सिलच्या रेघेत. मधली पायरी काढून टाकायची. सीट कव्हरवाल्याला फोटोवरची रेघ दाखवा, तोंडी सांगू नका. रेक्झिनवर आडव्या शिवणी हव्या असतील तर शिवणीच्या आत पाणी जाऊ नये म्हणून खालून प्लास्टिकचा थर मागून घ्या. नाहीतर पावसाळ्यात फोम पाणी पिऊन बसतो आणि आठवडाभर ओला राहतो.

एकच सीट करून मागे कुबड लावण्याचा विचार असेल, तर तोही सोडा. आरसीवर दोन जणांची आसनक्षमता लिहिलेली आहे. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारं संरक्षण मागतो. म्हणजे साडीगार्ड. कॅफे रेसर करणारे पहिला घाव साडीगार्डवरच घालतात, आणि पुढे त्याच गाडीवर आईला किंवा बायकोला मागे बसवून बाजारात नेतात. साडी किंवा ओढणी चाकात गेल्यावर काय होतं ते ज्याने पाहिलंय, तो हा पार्ट काढणार नाही. साडीगार्ड काळा मॅट करा, चेनकव्हरही तसंच करा. काळ्या रंगात ती नजरेआड होतात आणि त्यांचं काम चालू राहतं. स्प्लेंडरचं पूर्ण बंद चेनकव्हर दिसायला जड आहे हे मला मान्य आहे, पण त्याच्यामुळेच आपल्या धुळीत आणि चिखलात तिची चेन इतकी टिकते.

पुढचं मडगार्डही असंच. ते दोन्ही फोर्कना एकमेकांशी बांधून ठेवतं. पूर्ण काढलं तर खराब रस्त्यावर पुढचं चाक किंचित पिळतं, आणि रेडिएटर नसलेल्या या इंजिनच्या फिन्सवर चिखल थापला जातो. आतला ब्रॅकेट ठेवून मडगार्डचं पुढचं आणि मागचं टोक थोडं छाटलेलं चालतं. त्यासाठी जादा मडगार्ड विकत आणून त्यावर प्रयोग करा, मूळचं माळ्यावर ठेवा. फोर्कवर अकॉर्डियनसारखे रबरी बूट लावा. कमी पैशात जुन्या गाडीचा बाज येतो आणि ऑइल सील धुळीपासून वाचतं. लूक आणि उपयोग एकत्र देणारे पार्ट फार थोडे असतात, हा त्यातला एक आहे.

हॅण्डलसाठी क्लिप-ऑन, म्हणजे थेट फोर्कवर आवळायचे दोन सुटे छोटे बार, घेऊ नका. फूटरेस्ट जागेवरच राहिलेत आणि हात फोर्कच्या उंचीवर गेलेत, तर शरीराचा भार मनगटांवर येतो आणि शहरातल्या ट्रॅफिकमध्ये अर्ध्या तासात बोटं बधिर होतात. 22 मिलिमीटर जाडीचा, कमी उंचीचा सरळ बार मूळ क्लॅम्पमध्ये तसाच बसतो. बसवल्यावर हॅण्डल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून पाहा. बोटं टाकी आणि ग्रिप यांच्यात चेपत नाहीत ना, ब्रेकची केबल ताणत नाही ना. मग गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून पुन्हा शेवटपर्यंत वळवा. एका टोकाला इंजिनचा आवाज आपोआप चढला, तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. अशी गाडी यू-टर्न घेताना स्वतःहून रेस होते. केबलचा मार्ग बदला, टाय सैल करा, आणि आवाज स्थिर होईपर्यंत रस्त्यावर काढू नका.

टायर. रिमवर रुंदीचा आकडा ठोकलेला असतो, तो वाचा. स्प्लेंडरला मूळचे 2.75-18 टायर येतात, म्हणजे 2.75 इंच रुंद आणि 18 इंची रिमचे. मागे 3.00-18 बसतो आणि तेवढाच बसवावा. 1.60 इंचाच्या रिमवर 120 मिलिमीटरचा टायर चढवला, तर त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि रस्त्याला टेकणारा भाग मधोमध उंच होतो. दिसायला रुंद, पण टेकतो मूळपेक्षा वाईट. वर चेनकव्हरला घासतो आणि अ‍ॅव्हरेज पडतो ते वेगळंच. पुढच्या टायरचा घेर बदलू नका, कारण स्पीडोमीटर पुढच्या चाकावरून चालतो. रेट्रो घाट हवा असेल तर त्याच मापात चौकोनी ठोकळ्यांच्या नक्षीचे टायर मिळतात, नुसत्या नक्षीने गाडीचा चेहरा बदलतो.

एअर फिल्टरचा डबा काढून कोन फिल्टर लावायचा आणि सीटखालचा त्रिकोण मोकळा करायचा, हे फोटोत छान दिसतं. पण कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्रं, त्या डब्यातून येणाऱ्या हवेचा अडथळा गृहीत धरून बसवलेले असतात. डबा गेला की हवा जास्त, पेट्रोल तेवढंच. इंजिन गरम पळतं, मधल्या रेसला अडखळतं, आणि प्लग काढून बघितला तर टोक पांढरं पडलेलं दिसतं. बदामी-चॉकलेटी रंग हवा. मोठा जेट टाकून हे जुळवता येतं, पण जुलैच्या पावसात उघडा फिल्टर पाणी ओढतो, त्याला जेटचा उपाय नाही. डबा राहू द्या, साइड पॅनलचा आकार आणि रंग बदला.

सायलेन्सरबद्दल माझं मत ठाम आहे. मोठ्या आवाजाचे, आतली जाळी काढलेले नळकांडे लावू नका. ते इंजिनला बळ देत नाहीत, आणि रात्री अकरा वाजता गल्लीतल्या आजाऱ्याला आणि तान्ह्या बाळाला उठवतात. महाराष्ट्रात पोलिसांनी असे सायलेन्सर काढून घेऊन त्यांवर रोडरोलर फिरवल्याच्या बातम्या तुम्ही पाहिल्याच असतील. मूळ सायलेन्सर घासून, उष्णता सहन करणारा काळा रंग मारून लावा.

वायरिंगमध्ये लोक हमखास फसतात, म्हणून थोडं थांबून सांगतो. या पिढीच्या स्प्लेंडरचा हेडलाइट बॅटरीवर नाही, थेट मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनवर फिरणाऱ्या छोट्या जनरेटरच्या, एसी करंटवर चालतो. आयडलला दिवा मंद होतो तो त्यामुळेच. तिथे डीसीवर चालणारा एलईडी नुसता जोडला तर तो लुकलुकतो किंवा जळतो. शिवाय मूळ रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेला धरून घडवलेला आहे. त्यात एलईडीचा बल्ब खुपसला, तर उजेड समोरच्याच्या डोळ्यांत आणि रस्ता अंधारात. गोल काचेचा साधा हेडलाइट, मूळचाच 35 वॉटचा बल्ब, हेच ठेवा. फक्त घेण्याआधी त्याच्या वाटीत हात घालून बघा. स्प्लेंडरचे बरेच कपलर, म्हणजे वायरी जोडणारे प्लास्टिकचे सॉकेट, हेडलाइटच्या मागे असतात आणि लहान वाटीत ते मावत नाहीत. कोंबले तर हॅण्डल वळवताना वायर घासतात आणि काही महिन्यांनी फ्यूज उडायला लागतो.

इंडिकेटर एलईडीचे लावले की ते भराभर लुकलुकतात, कारण जुना फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा रिले, दहा वॉटच्या बल्बांचा लोड शोधत असतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लावा. मीटरमध्ये दोन्ही बाजूंसाठी एकच पायलट दिवा असेल, तर त्यातून करंट उलटा जाऊन चारही इंडिकेटर एकदम पेटतात. त्यावर 1एन4007 चे दोन डायोड पुरतात. दोन्ही बाजूंच्या वायरींना एकेक डायोड लावून दोघांची दुसरी टोकं पायलट दिव्याच्या एका पायाला आणायची, आणि दिव्याचा उरलेला पाय अर्थला. कुठेही वायर पिळून वर टेप गुंडाळू नका. क्रिम्प केलेले बुलेट कनेक्टर आणि त्यावर हीट-श्रिंक स्लीव्ह, एवढंच. मूळ हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, कापायचा नाही, त्याच्या कपलरला जुळणारा कपलर बाजारातून आणायचा. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला असे कपलर सुटे मिळतात.

आता टाकी. इथे घाई केली की सगळा खर्च पाण्यात जातो.

पेट्रोल काढलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ उरते. कॉक काढून टाकी साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा खळबळून धुवा आणि झाकण उघडं ठेवून उन्हात वाळवा. तोवर तिच्याजवळ ग्राइंडर, हीट गन, सिगारेट काही नको. आतून गंज असेल, तर मूठभर जुने नट टाकून हलवा, मग पांढरं व्हिनेगर रात्रभर भरून ठेवा, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. धुतल्यावर लगेच वाळवून आत थोडं इंजिन ऑइल फिरवा. ओला कोरा पत्रा बघता बघता पुन्हा तांबूस पडतो.

जुना रंग घट्ट असेल तर पूर्ण काढायची गरज नाही. पोपडे आलेत तिथे 180 च्या पॉलिश पेपरने पत्र्यापर्यंत जा, बाकी ठिकाणी 320 ने नुसती चमक घालवा. पोचा असेल तर पॉलिएस्टर पुट्टी, म्हणजे मेटल पेस्ट, पण दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नाही. जास्त खोल पोचा डेंटरकडून आधी उचलून घ्या. एनसी लांबी, म्हणजे ट्यूबमधली पातळ पुट्टी, फक्त टाचणीएवढ्या छिद्रांसाठी. खड्डे भरायला वापरली तर ती आकसते, आणि दोन महिन्यांनी रंगाखालून खड्ड्याची कड वर दिसते. पेपर नुसत्या बोटांनी घासू नका, बोटांच्या चार पन्हाळी पडतात. रबराच्या ठोकळ्याला गुंडाळून तिरक्या रेघांत घासा, एकदा या दिशेने, एकदा उलट.

सपाट झालं की नाही हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी प्रायमर सुकल्यावर त्यावर काळ्या स्प्रेचा अगदी विरळ शिडकावा करा, मिरपूड भुरभुरल्यासारखा. मग ओल्या 600 च्या वॉटर पेपरने घासा. उंच भागावरचे काळे ठिपके आधी जातात, खोलगट भागात ते राहतात. ठिपके उरले तिथे काम बाकी आहे. दुसरी परीक्षा तळहाताची: पातळ सुती रुमाल टाकीवर ठेवून त्यावरून हात फिरवा. उघड्या हाताला न लागणारी लाट रुमालावरून लगेच लागते. ही दोन्ही उत्तरं येईपर्यंत रंगाचा डबा उघडू नका.

रंग मारायला माझा सल्ला असा की तयारी घरी करा आणि शेवटचे हात पेंटरकडून मारून घ्या. बाजारातल्या साध्या स्प्रे कॅनचा रंग पेट्रोलने विरघळतो. पंपावर पहिल्यांदा टाकी ओसंडली की झाकणाखाली ओघळ उठतो. टिकतो तो टू-के लॅकर, म्हणजे मारण्याआधी हार्डनर मिसळायचा दोन भागांचा लॅकर, आणि त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतात. कापडी मास्क त्यापुढे निरुपयोगी आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिथे शेजारची मुलं खेळतात, तिथे हे मारणं योग्य नाही. पेंटरला आधीच विचारा की तो कोणता प्रायमर मागतो. तुम्ही कॅनचा साधा प्रायमर मारून ठेवलात आणि त्याने वर टू-के मारलं, तर खालचा थर उचलून सुरकुत्या पडतात आणि सगळं पुन्हा घासावं लागतं. पावसाळ्यात हे काम काढू नका, दमट हवेत रंगावर दुधी झाक येते. लॅकरनंतर किमान आठवडाभर टाकीत पेट्रोल भरू नका.

स्टँड, फूटरेस्टचा दांडा, हॅण्डलचे क्लॅम्प पावडर कोटिंगला दिलेत तर छान टिकतात. पण त्याची भट्टी 180 ते 200 अंशांची असते. पुट्टी लावलेली टाकी तिथे द्यायची नाही, रबर आणि बुश आधी काढायचे आणि आटे झाकून द्यायचे. चेसिस रंगवणार असाल तर चेसिस नंबरवर टेप लावायला विसरू नका. नोंदणीच्या कामाला त्याचा छाप घ्यावा लागतो. जाड थराखाली नंबर बुजला आणि मग तो खरवडून काढला, तर तुमची गाडी चोरीची असल्याचा संशय येतो.

कायद्याचं एवढं लक्षात ठेवा. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीने मूळ दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. कलम 182अ खाली अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून इंजिन, चेसिस, आसनसंख्या यांना हात नको. रंग बदलता येतो, पण आरसीवर रंग लिहिलेला असतो, तेव्हा आरटीओत अर्ज करून नोंद बदलून घ्या. विमा कंपनीलाही कळवा. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट अजून बसवली नसेल, तर मागचा ब्रॅकेट पक्का झाल्यावरच बसवा, कारण तिचं स्नॅप लॉक एकदा काढलं की तुटतं. प्लेट दुमडायची किंवा सीटखाली लपवायची नाही. तुमच्या गाडीची 2024 ची पुनर्नोंदणी झालेली असेल तर पुढची तपासणी 2029 ला, तोवर मूळ पार्ट चिठ्ठ्या लावून एका खोक्यात राहू द्यात.

जोडणी झाल्यावर पहिली फेरी घराजवळच, पन्नासेक किलोमीटरच्या आत ठेवा. परत आल्यावर इंजिन थंड होऊ द्या आणि हॅण्डलचे क्लॅम्प, दोन्ही अ‍ॅक्सल, शॉकअपचे नट आणि सीटचे बोल्ट पुन्हा पान्याने तपासा. नव्या रंगावर बसवलेले बोल्ट हमखास थोडे सैल होतात, कारण खालचा रंग दबतो. दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून मागचा दिवा प्रत्येकाने पेटतो का ते अंधारात बघा, आणि टाकीखाली हात घालून कॉकच्या सांध्यापाशी ओल लागते का ते चाचपा.